शहाण्णव खुंट्या

सोमवार, १३ जून १९३८

चाललं! आज संध्याकाळी बरोबर सात वाजता कुणी हात न लावता आमचा रेडिओ सुरू झाला आणि साडेसातला आपला आपण बंद झाला. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट गेलं. मग आतून बातम्यांचा आवाज आला आणि मी स्वयंपाकघरात चक्क नाचले. आई चाकाच्या खुर्चीतून बघत होती. म्हणाली, "लोरेना, तेहेतीस वर्षांची घोडी झालीस."

झाले तर झाले! अकरा वर्षं मी कारखान्यात विजेच्या घड्याळांत तारेच्या गुंडाळ्या बसवतेय, पण आपल्या डोक्यातून निघालेलं यंत्र टिकटिक करताना ऐकणं हे वेगळंच. मुकादमाला विचारून एक बाद घड्याळ घरी आणलं होतं. त्याला मागून एक जास्तीचं चाक जोडलं. ते चोवीस तासांत एकदाच फिरतं. चाकाच्या कडेला शहाण्णव भोकं, दर पाव तासाला एक. ज्या वेळेला रेडिओ हवा, त्या भोकात खुंटी दाबायची. खुंटी आली की स्विचची पट्टी उचलली जाते, वीज रेडिओकडे जाते. खुंट्या केल्या आईच्या विणकामाच्या सुया कापून, नाही तरी तिला आता विणता येत नाही. स्विच हळू लागला की ठिणग्या उडत होत्या, त्यावर दोन महिने अडले होते. शेवटी माझ्या कंबर आवळायच्या जुन्या कॉर्सेटची पोलादी पट्टी घातली. आता कसा खटकन लागतो!

हे सगळं आईसाठी. संधिवाताने तिच्या बोटांना बटण फिरवता येत नाही, आणि खुबा मोडल्यापासून उठता येत नाही. सकाळी सातला मी तिला खिडकीशी बसवून जाते, बाराला येऊन जेवू घालते, पुन्हा जाते. मधे रेडिओ लावायला आणि बंद करायला शेजारचे मिस्टर पिंकहॅम येतात: दहाला, दोनला, चारला. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला एकटा माणूस. दोन वर्षांत एक दिवस चुकले नाहीत. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, म्हणून काय माणसाला इतकं राबवायचं? आता सुटतील बिचारे.

मंगळवार, १४ जून

मिस्टर पिंकहॅमना बोलावून यंत्र दाखवलं. म्हटलं, "उद्यापासून तुमची सुटका!"

ते टोपी हातात घेऊन उभेच राहिले. "सुटका," म्हणाले. "म्हणजे अगदी आपोआप?"

"अगदी आपोआप. तुम्ही खुशाल झोपा काढा दुपारी."

"छान आहे. फार छान आहे." यंत्र पाहून इतके भारावले की चहा न घेताच गेले. आल्याची बिस्किटं तशीच राहिली.

शुक्रवार, १७ जून

तीन दिवस, एकही चूक नाही. दहाला मालिका, दोनला मालिका, चारला गाणी. आईला विचारलं, "कसं वाटतंय?" तर म्हणे, "घर फार शांत वाटतं गं." रेडिओ चालू असताना शांत! तिचे कान डॉक्टरांना दाखवायला हवेत.

सोमवार, २७ जून

आज धाडस केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर यंत्र पिशवीत घालून सरळ जिन्यावरून वर, ड्रॉइंग ऑफिसात. तिथे आमच्या बाकावरची एकही बाई आजवर गेलेली नाही. मुख्य आरेखक मिस्टर गेरिश. उंच, कोरडा माणूस. हसला तर चेहऱ्याला तडा जाईल. त्यांनी यंत्र उलटंपालटं केलं आणि विचारलं, "ही पट्टी कसली?"

"पोलादी."

"ते दिसतंय. कुठून आणली?"

खोलीत सात पुरुष. मी म्हटलं, "घरात होती."

ते बराच वेळ स्विच खटखट करत राहिले. मग म्हणाले, "कल्पना बरी आहे. बाकी नीट नाही. घरी सहा महिने चालवा, रोजची नोंद ठेवा. आणि मिस स्प्रेग, चूक झाली तर ती लपवू नका. ज्या यंत्राच्या चुकीचं कारण सापडलं नाही, ते यंत्र मी संचालकांपुढे नेत नाही."

कल्पना बरी आहे! जिना उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते.

बुधवार, २९ जून

पहिली चूक. दोन वाजताची खुंटी सैल होऊन पडली, रेडिओ लागलाच नाही. नशीब, भिंतीपलीकडे आवाज आला नाही हे मिस्टर पिंकहॅमच्या लक्षात आलं, ते स्वतः येऊन लावून गेले. किती भला माणूस! आईने त्यांना चारपर्यंत बसवून घेतलं. चारला पुन्हा बिघडलं तर, म्हणून.

सगळी भोकं आवळली.

गुरुवार, ७ जुलै

हे काय गौडबंगाल आहे? भोकं इतकी घट्ट केली की खुंटी दाबताना माझा अंगठा दुखतो, तरी या आठवड्यात पाच चुका. खुंटी भोकातच असते पण अर्धी वर आलेली, पट्टीला पोचतच नाही. वही काढून तक्ता केला. चुका दहाला, दोनला किंवा चारला. संध्याकाळच्या खुंट्या जागच्या हलत नाहीत. मी घरी असते त्या रविवारी तर एकही चूक नाही.

निष्कर्ष: उष्णता. दिवसा चाक तापून फुगतं आणि खुंटीला वर ढकलतं. (रविवारी का नाही? रविवारी मी पडदे ओढते म्हणून असेल.)

शनिवार, १६ जुलै

खुंट्यांना मेण लावलं. उपयोग शून्य. लाख लावली. दोन दिवस बरी गेली, तिसऱ्या दिवशी तीन खुंट्या वर. त्यांच्या डोक्यांवर बारीक ओरखडे दिसले. भिंगातून पाहिलं. लाख तडकताना पडले असणार. हा फार महत्त्वाचा पुरावा आहे, वहीत चित्र काढून ठेवलं.

मिस्टर पिंकहॅम त्यांची पक्कड आमच्या खिडकीत विसरून गेले होते, ती नेऊन दिली. विसरभोळे होत चाललेत बिचारे. वय झालं.

बुधवार, २७ जुलै

एक गोष्ट मात्र आनंदाची. यंत्र चुकत असलं तरी आईत त्याने जीव ओतलाय! सकाळी मला म्हणते, "केस वर बांधून दे." निळा पोशाख हवा म्हणते, रोज. लॅव्हेंडरचं पाणी आणायला सांगितलं. जेवते दुप्पट. गेल्या दोन वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. नव्या यंत्राचं कुतूहल माणसाला किती ताजं ठेवतं! मिस्टर गेरिशना हेही सांगायला हवं.

मिस्टर पिंकहॅमही हल्ली टाय लावून येतात. यंत्र दुरुस्त करायला टाय! जुनी रेल्वेची माणसं, शिस्त अंगात.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

रात्री जेवताना आई म्हणाली, "अल्वाला मक्याचं सूप आवडतं." मी विचारलं, "कोण अल्वा?" ती गोंधळली. "मिस्टर पिंकहॅम गं. त्यांचं नाव आहे ते." कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता.

चाकाखाली फेल्टचं जाड कापड बसवलं. बघू.

मंगळवार, ३० ऑगस्ट

फेल्ट वाया. आता मालगाडीवर संशय आहे. पावणेदहाची गाडी गेली की कपाटातल्या बश्या वाजतात. वेळापत्रक विचारलं तर मिस्टर पिंकहॅम अगदी उत्साहाने म्हणाले, "गाडीच असणार! त्या गाडीचा हादरा फार वाईट. मी चाळीस वर्षं बघितलाय." आईला त्याच वेळी ठसका लागला, पाणी द्यावं लागलं.

कधी कधी वाटतं, मी मूर्ख आहे. बाकावरची कोरा म्हणते, "गुंडाळ्या बसव आणि गप बस. वर जाऊन काय करणार आहेस?" काय करणार ते मला माहीत आहे. ड्रॉइंग ऑफिसातल्या उंच स्टुलावर बसून पेन्सिल हातात घ्यायचीय. हे मी कुणाला बोलले नाही, इथेच लिहितेय.

गुरुवार, १५ सप्टेंबर

मिस्टर गेरिशनी वर बोलावलं. माझी वही पानन् पान वाचली. "त्रेपन्न चुका. मेण, लाख, फेल्ट, गाडी. कारण?"

"अजून नाही सापडलं."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "दुसऱ्या एका कंपनीचं असंच घड्याळ येतंय, कानावर आलंय. सहा महिने थांबता येणार नाही. सोमवारपासून शनिवारपर्यंत, एक आठवडा. एकही चूक झाली नाही, तर पुढच्या बैठकीत मी स्वतः मांडतो. झाली, तर हा विषय बंद."

रविवार, १८ सप्टेंबर

दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. आठवडा, बैठक, आणि स्टुलाचंही सांगून टाकलं.

आई म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

मिस्टर पिंकहॅमनी विचारलं, "म्हणजे हा आठवडा यंत्र चुकता कामा नये?"

"एकदाही नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. ते म्हणाले, "नाही चुकणार." असे ठामपणे, जणू त्यांच्याच हातात आहे! धीर देण्याची एकेकाची पद्धत असते.

सोमवार, १९ सप्टेंबर

शून्य चुका! दिवसभर पाऊस.

मंगळवार, २० सप्टेंबर

शून्य! मी काहीही बदललेलं नाही, तरी शून्य. बाकावर गाणं म्हणत होते, मुकादमाने डोळे वटारले.

आईचं मात्र काहीतरी बिनसलंय. केस बांधू नको म्हणाली. सूप तसंच परत आलं. यंत्र बरं झालं आणि आई आजारी पडली. पाऊस थांबत नाही, त्याचा परिणाम असेल. मिस्टर पिंकहॅमही दोन दिवसांत दिसले नाहीत.

गुरुवार, २२ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही. पण आज लिहिलं नाही तर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

काल दुपारी तीननंतर वारा सुटला. नेहमीचं वादळ, म्हणत होतो सगळ्या. चार वाजता कारखान्याच्या वरच्या काचा फुटायला लागल्या. आमच्या समोरच्या लांब भिंतीवर तीनशे घड्याळं चाचणीसाठी लावलेली असतात, तीनशेंचे लाल काटे एका तालात फिरतात. चार वाजून सदतीस मिनिटांनी ते सगळे एकदम थांबले. तीनशे काटे, एकाच जागी. मग कोरा म्हणाली, "तुझी आई," आणि मी धावले.

दहा मिनिटांची वाट, मला तासाहून जास्त वेळ लागला. रस्ता कसला, आडव्या झाडांची रास. पोस्टाचं छप्पर उडून चर्चच्या अंगणात पडलेलं. मी कुंपणांना धरून, कधी चक्क रांगत गेले. आमच्या गल्लीत वळले आणि पाहिलं. समोरच्या एल्मच्या झाडाने मुळासकट कोसळून आमची खिडकी आत ढकलली होती. जिथे मी आईला सकाळी बसवलं होतं, तिथे माझ्या कमरेएवढा बुंधा होता.

हाका मारल्या की नाही, आठवत नाही. हातांनी फांद्या ओढत होते. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "लोरेना! इकडे! इकडे आहे ती!"

मिस्टर पिंकहॅम, हातात रेल्वेचा कंदील, कानावरून रक्त. त्यांच्या स्वयंपाकघरात आई तिच्या खुर्चीत, त्यांचा रेल्वेचा कोट पांघरून, हातात चहाचा कप. मला पाहून म्हणाली, "ओली चिंब झालीस, आधी बूट काढ." मी जमिनीवर बसले आणि तिच्या मांडीत डोकं घालून रडले.

मग सगळं कळलं. आमच्याकडचा रेडिओ चार वाजता बरोबर लागला होता, ते भिंतीपलीकडे ऐकत होते. आणि मधेच तो थांबला.

"वीज गेली हे मला कळलं होतं," ते म्हणाले. "माझाही दिवा गेला होता. पण तो आवाज थांबला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. सवयच झालीय. शनिवारपर्यंत यायचं नाही, असं ठरलं होतं आमचं, तरी आलो. आलो आणि खिडकी पाहिली, म्हटलं इथे नको. खुर्ची मागच्या दाराने बाहेर काढली. पाच मिनिटांत झाड पडलं."

"ठरलं होतं म्हणजे?" मी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी आईने कप खाली ठेवला. "लोरेना, मला तुला एक सांगायचंय. खुंट्या यांनी काढल्या."

"कुठल्या खुंट्या?"

"सगळ्या. म्हणजे अर्ध्या वर ओढायचे. मीच सांगितलं होतं. पुढच्या वेळी यायला कारण हवं ना."

मी म्हटलं, "मेण?"

"मेण असताना बोटांनी निघायच्या," मिस्टर पिंकहॅम मान खाली घालून म्हणाले. "लाख लावल्यावर पक्कड आणावी लागली."

"आणि गाडीचा हादरा?"

"गाडीला उगाच बोल लावला मी. तिने कधी बशी हलवली असेल, त्यापलीकडे काही नाही."

इतका संताप आला! तीन महिने! वहीत चित्रं काढली ओरखड्यांची! मी ओरडले, "आई, तू रोज माझ्याशी खोटं बोलत होतीस!"

"एकदाही नाही. 'दोनला वाजला नाही' एवढंच मी म्हणाले. नव्हताच वाजला."

"अगं, मग सरळ सांगायचं ना, मला ते यायला हवेत म्हणून!"

तेव्हा ती चिडली. "कुणाला सांगायचं? अठ्ठावन्न वर्षांची विधवा मी, खुर्चीतली. बटण लावता येत नाही मला. त्या समोरच्या बाईने विचारलं, हा गृहस्थ रोज तीनदा कशाला येतो, तर 'रेडिओ लावायला' एवढं म्हणता येत होतं. तेवढं एकच कारण होतं आमच्याकडे. ते तू काढून घेतलंस. आणि इतकी हरखून काढून घेतलंस, की मला नको म्हणवेना."

वारा अजून घोंगावत होता. मिस्टर पिंकहॅम चुलीपाशी पाठ करून उभे होते, उगाचच किटली पुसत.

मला रडायचं होतं की ओरडायचं होतं ठाऊक नाही, पण आलं हसू. सुरू झालं ते थांबेना. मग आई हसायला लागली. ते मात्र हसले नाहीत. वळून म्हणाले, "मिस लोरेना, तुमचं नुकसान मी भरून देईन." मी म्हटलं, "आधी कान धुवा."

मंगळवार, ४ ऑक्टोबर

वीज आली. तेरा दिवसांनी कारखाना सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी मी वर निघाले, सगळं खरं सांगायला. फाटकाशी पाहते तर मिस्टर पिंकहॅम! रेल्वेचा पूर्ण गणवेश, पितळी बटणं घासलेली, कानावर पट्टी. म्हणाले, "ज्याने केलं त्याने सांगावं." किती सांगितलं, ऐकेनात.

ड्रॉइंग ऑफिसात सात जण माना वर करून बघायला लागले. ते मिस्टर गेरिशसमोर ताठ उभे राहिले. "मी अल्वा पिंकहॅम. चाळीस वर्षं सिग्नल सांभाळले, एकदाही चुकीचा दिला नाही. या बाईंच्या घड्याळाच्या खुंट्या मी काढल्या. बावन्न वेळा. एकदा एक आपोआप पडली, ती माझी नाही."

मिस्टर गेरिशनी पेन्सिल खाली ठेवली. "कारण?"

मिस्टर पिंकहॅम लालबुंद झाले. पण नजर हलली नाही. "कारण घड्याळात नाही, साहेब."

मिस्टर गेरिश एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग वही उघडून त्रेपन्नमधून बावन्न वजा केले, आणि चेहऱ्याला खरोखरच तडा गेला! हसले! "लाख लावलेली खुंटी," म्हणाले, "पकडीने ओढली तरी भोक फुटलं नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"तीन महिन्यांत इतक्या वेळा?"

"इतक्या वेळा."

"मिस स्प्रेग, इतकी कडक चाचणी या कारखान्यात आजवर एकाही घड्याळाची झालेली नाही." वही मिटून काखेत मारली. "ही वही घेऊन जातो मी बैठकीला. एक शेवटचं. ती पट्टी. माल मागवायचा तर नाव लागेल."

सात पुरुष, आणि आता गणवेशातले मिस्टर पिंकहॅमही. मी म्हटलं, "कॉर्सेटची आहे, साहेब."

त्यांनी मान वर न करता ते लिहून घेतलं.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

संचालकांनी मंजूर केलं! पहिली दोनशे घड्याळं नाताळपूर्वी. सोमवारपासून मी वर, खिडकीजवळच्या स्टुलावर. आज बसून पाहिलं. इतकं उंच आहे की पाय लटकतात. लटकू देत!

शनिवार, १५ ऑक्टोबर

सुतार आला. एल्मने फोडलेली खिडकी आणि भिंत दोन दिवसांत उभी करतो म्हणाला. तो सामान आवरत असताना मिस्टर पिंकहॅम खाकरले आणि आमच्या मधल्या भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "इथे एक दार काढायचंय."

सुतार हसायला लागला. "तुटलेली भिंत जोडायला बोलावलंत, आणि धडधाकट भिंत फोडायला सांगता?"

"हो."

मला काहीच माहीत नव्हतं. आईकडे पाहिलं, तर ती लहान मुलीसारखी लाजली. नोव्हेंबरात लग्न आहे म्हणे. पाद्रीबाबांशी बोलूनही झालंय. आणि मी शेवटची! म्हटलं, "मग मी?"

"तू इथेच," आई म्हणाली. "मी तिथे आणि इथे. म्हणून तर दार हवंय."

"किती रुंद?" सुताराने विचारलं.

मिस्टर पिंकहॅमनी खुर्चीच्या चाकांना टेप लावला, दोन्ही बाजूंना चार चार बोटं सोडली, पुन्हा मोजलं आणि आकडा सांगितला. सुताराने भिंतीवर रेघा ओढल्या. मग त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई, कडी तुमच्या बाजूने लावू की यांच्या?"

दोघं माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, "कडी नको."

सुताराने पेन्सिल कानावर खोचली आणि पहार उचलली.